संपातली खंडेनवमी

संप चांगला की वाईट, हे मला विचारू नका. पुढं मास्तरीण झाल्यावर आमच्याही संघटनेनं संप केला, तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी पहिल्या रांगेत बसले होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते. संपावर माझा राग नाही. माझा राग माणसांवर आहे. माणसं एक झाली की त्यांना कुणीतरी एक असा लागतो, ज्याच्यावर सगळ्यांना मिळून थुंकता येईल. त्याशिवाय एकी झाल्यासारखं त्यांना वाटतच नाही. आमच्या पेठेत तो मान माझ्या वडिलांना मिळाला.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही म्हणायचो म्हणून गल्ली म्हणायची आणि गल्ली म्हणायची म्हणून मोटारीच्या अड्ड्यातले सगळे ड्रायव्हर-कंडक्टरही आबाच म्हणायचे. कोल्हापूर ते कागल सर्व्हिस मोटारी चालायच्या, एका खाजगी मालकाच्या. त्यांतली एक आबांच्या हातात होती. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारींच्या मागं कोळशाची भट्टी लावावी लागली, तेव्हापासून ती त्यांच्याकडं. कागदावर ती मालकाची, पण सगळा रस्ता तिला आबांची गाडी म्हणायचा. बाजारच्या दिवशी कागलच्या बायका आधीची गाडी सोडून देऊन आबांच्या गाडीसाठी टोपल्या घेऊन थांबायच्या, कारण आबा चढावर गाडीला हिसके देत नसत आणि टोपल्यांतली अंडी फुटत नसत. घरी हा माणूस दिवसाकाठी चार शब्द बोलायचा. गाडीशी मात्र बोलायचा, शिव्याही द्यायचा, लाडही करायचा. आई म्हणायची, "माझ्या सवतीला चार चाकं हायत." म्हणायची आणि हसायची. सवतीचा तिला राग नव्हता.

आबांच्या गाडीवर एक कंडक्टर होता, आमच्याच गल्लीतला. त्याला मालकाकडं नेऊन कामाला चिकटवलं ते आबांनीच. दुपारी कागलच्या स्टँडवर दोघं एकाच डब्यातलं खायचे. त्याला आईच्या हातचा खर्डा आवडायचा, म्हणून आई डब्यात त्याच्या वाटणीचाही घालायची. तो गोड बोलायचा. गोड बोलणारी माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत, पण तेव्हा आवडायची, कारण मी व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेला बसणार होते आणि साऱ्या गल्लीत "पोरगी मास्तरीण हुनार बगा" असं म्हणणारा तो एकटाच होता.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी युनियन झाली. जुन्या राज्यात जे तोंडातून निघत नव्हतं ते आता निघायला लागलं होतं. पहिली बैठक आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात भरली, कारण आबा सगळ्यांत जुने ड्रायव्हर होते आणि आमचा सोपा ऐसपैस होता. शहरातले एक वकील पुढारी म्हणून आले. पांढरीशुभ्र टोपी, स्वच्छ बोलणं. मोटारीत बसण्यापलीकडं मोटारीची त्यांना काही माहिती नव्हती, पण कायदा ठाऊक होता. आई चहा करून करून दमली. मागण्या ठरल्या. आठवड्याला एक सुट्टी, अंगावर घालायला मालकाकडून खाकी कपडे, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितली गेलेली तिसरी मागणी: मालकाच्या लहरीवर कुणालाही कामावरून काढायचं नाही. ती का, तर मालकाला सकाळी अंघोळीचं पाणी गार लागलं तरी एखाद्या ड्रायव्हरची नोकरी जायची.

मालकानं मागण्या ऐकल्या आणि पानाची पिचकारी मारली. मग संप ठरला. महादेवाच्या देवळात सगळ्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची असंही ठरलं. वकिलांचं म्हणणं, "संप मिटेपर्यंत कामावर जाणार नाही, एवढी शपथ पुरे." त्यावर आबा बोलले. बैठकीत ते पहिल्यांदाच बोलले असावेत. म्हणाले, "त्यात पळवाटा लई हायत, वकीलसाहेब. अड्ड्यात जाऊन बसंल एखादा आन् म्हनंल, बसनं म्हंजे काय काम न्हवं. चाक म्हना. गाडीचं चाक हलवनार न्हाय म्हना. चाक हललं की हललं, त्यात दुसरं बोलायला जागाच न्हाय." सगळ्यांना ते पटलं. कंडक्टर म्हणाला, "आबा बोलले, सोळा आणे बोलले." आणि सगळ्यांनी भंडारा उचलून चाकाची शपथ घेतली.

स्वतःच्या हातानं फास वळून स्वतःच्या गळ्यात घालावा, तसं ते झालं. पण त्या दिवशी तो फास आहे हे कुणाला दिसलं नाही.

संप सुरू झाला आणि नवरात्र आलं. नवमी जवळ आली तशी अड्ड्यातल्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, तालमीतली पोरं गदा आणि तलवारी पुजतात. मोटारवाल्यांनी मोटार पुजायची. ज्या हत्यारावर वर्षभर पोट भरतो त्याला त्या दिवशी हळदकुंकू लावलं नाही, तर वर्षभरात ते उलटतं, असं आमच्याकडं सगळेच मानत. एका ड्रायव्हरनं मागं एका नवमीला पूजा टाळली होती आणि पौषात त्याची गाडी ओढ्यात गेली होती. ही गोष्ट आमच्या सोप्यात त्या आठवड्यात इतक्या वेळा सांगितली गेली, की मी झोपेतही ती म्हणून दाखवली असती.

युनियनची बैठक झाली. पूजा करायची की नाही? कंडक्टर म्हणाला, "पूजा म्हंजे काय काम हाय व्हय? देवाचं हाय ते." वकील म्हणाले, जरूर करा, लोकांत संपाचं नाव चांगलं होईल. मालकाकडं निरोप गेला. मालकानं उलट निरोप पाठवला, की अड्डा झाडून-सारवून ठेवतो, भटजी सांगतो, बायकामुलांना घेऊन या. आपल्यात भांडण असलं तरी देवाशी कुणाचं भांडण नाही. निरोप ऐकून सगळ्यांना भरून आलं. आई तर मालकाबद्दल चार चांगले शब्दही बोलली. लिंबाची आठवण त्या बैठकीत एकालाही झाली नाही.

मोटारीची पूजा म्हणजे काय असते, तर मोटार धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, रेडिएटरवर हळदकुंकू, समोर नारळ. आणि शेवटी पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी थोडी पुढं घ्यायची. लिंबू चिरडलं की वर्षाची इडापिडा गेली. तोवर पूजा पुरी होत नाही. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की ते वेगळं असं कुणी काही धरतच नव्हतं.

नवमीला सकाळी आम्ही सगळे अड्ड्यावर गेलो. बायका ओवाळणीची ताटं घेऊन आल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी नवऱ्यांना त्यांच्या गाड्यांजवळ बघून बायकांचे चेहरे उजळले होते. मालक जरीचा फेटा बांधून उभा होता आणि सगळ्यांना हात जोडत होता. जुन्या माणसाचा मान म्हणून पहिली पूजा आबांच्या गाडीची. आबा वर चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि त्यांनी स्टिअरिंगला कुंकवाचं बोट लावलं. मी खाली उभी होते, मला त्यांचं तोंड दिसत होतं. इतक्या दिवसांनी त्या जागेवर बसलेला तो माणूस सणाला माहेरी आलेल्या मुलीसारखा दिसत होता. आईनं गाडीला ओवाळलं. कनवटीची दोन लिंबं काढली आणि दरसालाप्रमाणं चाकांखाली ठेवली. भटजींनी नारळ फोडला आणि म्हणाले, "हं, घ्या पुढं."

आबा थांबले. मला अजून दिसतं, त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि ते थांबले. त्यांनी काचेतून सगळ्यांकडं बघितलं. कुणीही "नको" म्हणालं नाही. तेवढ्यात कंडक्टर पुढं झाला, हँडल घेतलं, रेडिएटरखाली घातलं आणि दोन्ही हातांनी फिरवलं. इंजिन लागलं. आबांनी गाडी पुढं घेतली. वीतभर. लिंबं फुटली, वास आला, बायकांनी तांदूळ टाकले.

अड्ड्याचं फाटक सताड उघडं होतं. बाहेर सणाला गावी जाणारी माणसं उभी होती, बोचकी घेऊन, पोरं कडेवर घेऊन. इंजिनाचा आवाज ऐकल्याबरोबर ती आत धावली. "गाडी सुटली, गाडी सुटली" म्हणत आबांच्या गाडीत चढली आणि बाकांवर बसलीसुद्धा. आबा खिडकीतून "उतरा, उतरा" म्हणत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. मालक पुढं आला, त्यानं सगळ्यांदेखत आबांना पेढा दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास. जुनं ते सोनं." दुसऱ्या ड्रायव्हरांची पूजा व्हायची होती. ते सगळे आपापल्या गाडीपासून दोन पावलं मागं सरले. त्यांच्या गाड्यांची चाकं हलली नाहीत.

हे मालकानं ठरवून केलं होतं की काय, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही कशाला, ठरवूनच केलं होतं. संप चालू असताना फाटक सताड उघडं कोण ठेवतं, आणि सणाच्या माणसांना त्याच सकाळी तिथं उभं राहायला कोण सांगतं?

दुपारपर्यंत शहरभर झालं, की संप फुटला, आबांनी गाडी काढली. सांगणाऱ्यांनी गाडी वीतभरावरून रंकाळ्यापर्यंत नेली आणि संध्याकाळी कागलला पोचवली. दोन कच्च्या काळजाचे ड्रायव्हर त्याच सांजेला मालकाकडं जाऊन हात जोडून आले. म्हणजे संपाला खरीच चीर पडली. ती चीर कुणीतरी पाडली असणार आणि कुणी पाडली हे सांगायला सगळ्या बायकामुलांनी डोळ्यांनी बघितलं होतं. हँडल कुणी मारलं ते मात्र कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आमच्याकडं सोनं द्यायला कुणी आलं नाही. दरवर्षी उंबऱ्याशी आपट्याच्या पानांचा ढीग पडायचा. आईनं रांगोळी काढली होती, ती कुणी न तुडवता तशीच राहिली. शेवटी आबा स्वतः टोपी घालून निघाले, पानं घेऊन. मला म्हणाले, "चल." पहिलं घर कंडक्टरचं. तो दारातच बसला होता. आबांनी पान पुढं केलं आणि म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." हे म्हणताना लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं असतं. तो वयानं लहान होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि गल्लीच्या टोकाकडं बघत राहिला. त्याची बायको आतून म्हणाली, "आमच्या घरात असलं सोनं चालत न्हाय." आबांनी पान त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथं दार उघडलंच नाही. तिसऱ्या घरी मी आबांचा हात धरला आणि त्यांना परत आणलं.

मग सुरू झालं. दारावर चपलांचा हार लागला. भिंतीवर कुणी डांबरानं 'फितूर' लिहिलं. शिवाजी पेठेत शिवी दिली तर माणूस उलटी शिवी देतो आणि विसरतो, पण या शब्दाला उत्तर नाही. तालमीतली पोरं येता-जाता दारासमोर मोटारीचा भोंगा तोंडानं वाजवायची. सार्वजनिक नळावर आईची घागर रांगेतून उचलून शेवटी ठेवायचे, आणि तिची पाळी आली की पाणी जायचं. एका बाईनं घागरीला लाथ मारली. तीच बाई नवमीला आईशेजारी ताट घेऊन उभी होती आणि लिंबं फुटल्यावर तांदूळ तिनंही टाकले होते. आईनं घागर उचलली, पोचा पडला होता तो बघितला आणि घरी येऊन आबांना सांगितलं.

आबा म्हणाले, "लिंबं ठेवायला तुला कुनी सांगितलंतं?"

आई म्हणाली, "दरसाल मीच ठेवते की."

त्यावर आबांनी आईला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं. मी मध्ये पडले. मला आबांची दया आली नाही. आईला लागलं होतं.

आबांना एकच हवं होतं. परत त्या जागेवर बसायचं. बाकी मग लोकांनी काहीही म्हणावं. ते वकिलांकडं गेले, तासन् तास ओट्यावर बसले. वकील म्हणाले, "तुम्ही जाहीर माफी मागा, म्हणजे प्रकरण मिटेल." माफी तालमीत मागायची ठरली. आबा तिथं गेले आणि सगळ्या युनियनसमोर म्हणाले, "चाक हललं, खरं हाय. पूजेचं हललं." कंडक्टर आता कमिटीवर होता. तो म्हणाला, "आबा, चाक हललं की हललं, त्यात दुसरं बोलायला जागा न्हाय. हे तुमीच बोललाता." मग त्यांना नाक घासायला सांगितलं. तालमीत बायका जात नाहीत, म्हणून मी हे बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की आबा घरी आले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती होती आणि त्यांना ती पुसायचं भान नव्हतं. पण ते खुशीत होते. आईला म्हणाले, "मिटलं. माफ केलं सगळ्यांनी. आता संप मिटला की मी कामावर." आईनं पदरानं त्यांचं नाक पुसलं.

दिवाळी झाल्यावर संप मिटला. युनियन जिंकली. तिन्ही मागण्या मान्य. आठवड्याला सुट्टी, खाकी कपडे, आणि कुणालाही लहरीवर काढायचं नाही. पेठेत हलगी वाजली. कामावर जायच्या दिवशी सगळे वाजत-गाजत अड्ड्यावर निघाले. आबा पहाटेच अंघोळ करून तयार होते. मिरवणुकीत त्यांना कुणी ढकललं नाही. उलट एकानं त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. आबा माझ्याकडं बघून हसले. कपाळ, मिशा, टोपी सगळं गुलाबी झालं होतं.

जेवणवेळेच्या सुमाराला मी डबा घेऊन अड्ड्यावर गेले. आबा फाटकाबाहेर उभे होते. मी विचारलं, "आत का न्हाय गेला?" म्हणाले, "बोलनं चाललंय आत. जरा थांबा म्हनालेत." कोण म्हणालं असं विचारलं, तर कंडक्टर म्हणाला होता. सगळे आत गेले तेव्हा फाटकाशी उभा राहून त्यानं आबांच्या छातीवर हात ठेवला होता आणि म्हणाला होता, "आबा, तुमी जरा भाईर थांबा." तेव्हापासून ते थांबले होते. गाड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. प्रत्येक गाडीवर गुलाल, प्रत्येक गाडीतून आरोळ्या. आबा प्रत्येकाला हात वर करत होते. मग त्यांची गाडी आली. नवा ड्रायव्हर होता, मालकाच्या गावाकडचा. मागच्या दारात कंडक्टर उभा होता आणि दुसऱ्या बाजूला बघत होता. गाडी आमच्या अगदी जवळून गेली. आबांचा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच राहिला. ते मला म्हणाले, "आज तेवढ्यापुरती दिली असंल. बोलनं चाललंय न्हवं."

दिवस मावळेपर्यंत ते तिथं उभे होते. मी त्यांना ओढून घरी नेलं. डबा उघडला नव्हता.

खरं काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही वकिलांच्याच तोंडून. ते आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून आले होते. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं. ते अगदी मोकळेपणानं सांगू लागले. तडजोडीच्या वेळी मालक म्हणाला, सगळं मान्य करतो, पण शहरात तोंड दाखवायला मला काहीतरी राहू द्या. मला फक्त एक माणूस नको. ज्याच्या सोप्यात युनियन जन्माला आली तो नको. वकिलांनी कमिटीला विचारलं. कमिटी म्हणाली, तो आम्हालाही नको, त्यानं चाक हलवलं. मालकानं आबांना काढलं ते युनियन केली म्हणून आणि युनियननं त्यांना दिलं ते युनियन फोडली म्हणून. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि पेढे वाटले. "एका माणसात एवढ्या सगळ्यांची घरं सावरली, बाई," वकील म्हणाले. "तडजोडीत असं करावं लागतं. त्यांचं नाव काय बरं होतं?"

मी सांगितलं नाही. मी त्यांच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली. अर्धा चहा राहिला होता. हेडबाईंनी नंतर मला खोलीत बोलावून सुनावलं. सुनावू दे. त्या माणसाला अर्धा चहासुद्धा जास्त झाला असं मला आजही वाटतं.

कुणालाही लहरीवर काढायचं नाही, ही मागणी ज्या दिवशी मान्य झाली त्याच दिवशी त्या मागणीवर पहिला बळी पडला, याचं हसू मला अजून येतं. पुढं सरकारनं रस्ते ताब्यात घेतले आणि मालकाच्या गाड्या भंगारात गेल्या. कामावर होते त्यांना सरकारी नोकरी मिळाली. कंडक्टर म्हातारपणी पेन्शन खात होता. आबांना दुसऱ्या मालकांनी घेतलं नाही, कारण ते संपवाले. आणि दुसऱ्या अड्ड्यांतल्या माणसांनी घेऊ दिलं नाही, कारण ते फितूर. ते गुळाच्या बाजारात रवे, म्हणजे ढेपा, उचलायला लागले. अंगाला गुळाचा चिकटा घेऊन घरी यायचे, माशा त्यांच्यामागून यायच्या. आई पाणी तापवून ठेवायची. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण पूर्वीही फारसं बोलत नव्हतेच.

हे सगळं पुढचं. मला सांगायचा आहे तो संपानंतरच्या जूनमधला दिवस. मी फायनल पास झाले आणि मला कागलला मुलींच्या शाळेत जागा मिळाली. घरात पगार आणणारं कुणीतरी हवंच होतं. आबा मला पोचवायला निघाले. संप मिटल्यापासून ते कुठंही जायचं तर पायी जायचे, पण माझी ट्रंक जड होती आणि पाऊस होता. स्टँडवर पहिली लागली ती त्यांचीच गाडी. मी म्हणाले, पुढच्या गाडीनं जाऊ. ते म्हणाले, "पयल्या दिवशी शाळंला उशीर करू नगं."

कंडक्टर दारात उभा होता, अंगात नवी खाकी. आबांनी ट्रंक वर चढवली. त्यानं हात लावला नाही. आम्ही बसलो आणि तो तिकिटांची पेटी घेऊन आमच्याजवळ आला. त्यानं आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं जायाचं, पावणं?"

ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याला आमच्याकडं असं म्हणतात. ज्या माणसानं याला कामाला लावलं, ज्याच्या डब्यातलं यानं वर्षानुवर्षं खाल्लं, तो समोर बसला होता. मला वाटलं आबा काहीतरी बोलतील. एक शिवी तरी देतील. ते म्हणाले, "कागल. दोन."

आमची जागा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होती. आबा कडेला, वाटेच्या बाजूला. गाडी शहराबाहेर पडली आणि चढ लागला. नव्या ड्रायव्हरला ती गाडी अजूनही उमगली नव्हती. गाडी धापा टाकायला लागली तरी तो गिअर बदलेना. मग मी बघितलं, आबांचा डावा पाय वाटेत पुढं सरकला आणि त्यांनी तो खालच्या फळीवर दाबला. क्लच दाबतात तसा. ते माझ्यावरून खिडकीबाहेर बघत होते, पायाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. पाय आपल्या मनानं दाबत होता आणि सोडत होता. गिअर पडला, गाडीनं हिसका दिला, मागच्या बाया ओरडल्या. पुढं वळण आलं. पाय पुन्हा दाबला गेला.

कंडक्टर मागून तिकिटं देत पुढं आला. आबांचा पाय वाटेत होता. तो थांबला. त्यानं त्या पायाकडं बघितलं. तो पाय काय करतोय हे त्या गाडीत आणखी कुणाला कळलं नसतं, पण त्याला कळलं. मी त्याचं तोंड बघत होते, म्हणून मला खात्री आहे, की त्याला कळलं.

"पावणं," तो म्हणाला, "पाय आत घ्या."

आबांनी पाय आत घेतला आणि कागल येईपर्यंत दोन्ही गुडघे हातांनी धरून बसले.